पोटात दुखतंय

रात्री सव्वादोनला कळव्याहून फोन आला. धाकट्याचं हर्नियाचं ऑपरेशन मीच केलं होतं, त्यामुळे त्या बाईंकडे माझा नंबर होता. "डॉक्टर, माफ करा हं एवढ्या रात्री. मोठ्याच्या पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात."

मी अर्धवट झोपेत नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? जुलाब? दुखणं उजवीकडे सरकलंय? उलटी हिरवी आहे का? हिरवी म्हटलं की आतड्याला पीळ पडल्याचा संशय येतो आणि लहान मुलांचा सर्जन अंथरुणातून उठतोच. सगळ्याला उत्तर 'नाही'. औषध सांगितलं, सकाळी घेऊन या म्हणालो आणि कूस बदलली.

सकाळी ते आधी गल्लीतल्या दवाखान्यात गेले. तिथे इंजेक्शन, मग सोनोग्राफी, रिपोर्ट नॉर्मल. चिठ्ठीवर 'पोटाची सोनोग्राफी' लिहिलं की तपासणी मूत्राशयापाशी थांबते. एक वीत खाली बघायला आपल्याकडे वेगळी चिठ्ठी लागते!

साडेदहाला ओपीडीत आले. तेरा वर्षांचा मुलगा वाकून, पाय फाकवून चालत होता. ती चाल बघितली आणि माझ्याच पोटात गोळा आला.

"पँट खाली कर" म्हटल्यावर त्याने आईकडे बघितलं. आईला बाहेर पाठवलं. डावं वृषण फुगलेलं, वर ओढलं गेलेलं, आडवं झालेलं. मांडीच्या आतल्या बाजूने हलकेच नख ओढलं. एरवी तसं केलं की त्या बाजूचं वृषण टुणकन वर सरकतं. उजवं सरकलं. डावं ढिम्म.

"कधीपासून?"

"काल रात्री अकरापासून."

"आईला काय सांगितलंस?"

"पोटात दुखतंय म्हणून."

ते खोटंही नव्हतं. वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं, पण नसा वरच्याच घेऊन येतं. म्हणून वृषणाच्या दोरीला पीळ पडून रक्त तुटतं ते खाली आणि कळ येते पोटात, उलट्याही होतात. शिकाऊ डॉक्टरांना हे मीच घोकून घेतो, आणि पोट दुखणाऱ्या मुलाची पँट न काढणाऱ्यावर ओरडतोही मीच.

रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत वेळ घालवला नाही. चहा-बिस्किटं झालेली, म्हणून भूलतज्ज्ञ कुरकुरले. त्यांचं बरोबर होतं, पण थांबणं शक्य नव्हतं. वडील भिवंडीच्या गोदामात कामावर, सही आईनेच केली. 'काढावं लागू शकतं' ही ओळ मी दोनदा वाचून दाखवली.

साडेअकराला आत गेलो. पूर्ण दोन वेढे. वृषण पिकल्या जांभळासारखं. वेढे उलगडले, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. या दहा मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. कधीकधी रंग कडेकडेने गुलाबी होऊ लागतो. तो बघण्यासारखं सुख आमच्या कामात फार थोडं आहे. इथे काहीच हललं नाही. आवरणाला बारीकशी चीर दिली, ताजं लाल रक्त आलं नाही. काढलं. मग उजवं उघडून तीन टाक्यांनी आतून पक्कं केलं. असं घंटेच्या लोलकासारखं लोंबतं वृषण बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतं, आणि आता याच्याकडे एकच उरलं होतं.

संध्याकाळी आजीने दाराआड घेऊन विचारलं, "लग्नाला काही अडचण?" नाही म्हणालो. एक चांगलं असलं की पुरतं.

हिशेब मात्र डोक्यातून जात नाही. साधारण सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचतं. फोन आला तेव्हा सव्वातीन तास झाले होते. पावणेतीन शिल्लक होते, आणि त्या वेळी कळव्याचा पूल मोकळा असतो.

टाके बघायला आले तेव्हा त्याच्या आईला म्हणालो, "त्या रात्री फोनवर मी विचारायला हवं होतं, खाली कुठे दुखतंय का ते."

त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही विचारलं असतंत तरी त्याने मला सांगितलं नसतं."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, "फोन त्याच्याकडे द्या म्हणालो असतो."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.