हेशबोन म्हणजे हिशोबच : आमची वाटचाल

इस्रायलमधल्या दिमोना गावात आमचं चार माणसांचं हिशोबनिसांचं कार्यालय आहे. दारावर हिब्रू पाटी, आत भिंतीवर एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाचं चित्र. १९८४ साली सुरुवात केली तेव्हा मी एकटाच होतो.

आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबांच्या पिढीपर्यंत तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. वडील ठाण्यात स्थायिक झाले आणि मी मुंबईत बी.कॉम. झालो. नातलग १९५० पासून एकेक करून इस्रायलला निघाले होते, पण वडील थांबून राहिले. १९६० नंतर इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या लग्नाच्या नोंदणीत आडकाठी येऊ लागली होती. ‘आपण ज्यू आहोत हे आपल्याला कुणी सिद्ध करायला सांगत असेल तर मी जाणार नाही,’ असं ते म्हणत. आमची माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली आणि १९६४ मध्ये सरकारने ठरावच केला, की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. तरीही वडिलांचं मन वळायला आणखी सात वर्षं गेली. आम्ही आलो १९७१ मध्ये.

उलपानमध्ये, म्हणजे नव्या आलेल्यांच्या हिब्रू वर्गात, आई माझ्या शेजारी बसायची. मला काय काम मिळालं ते सांगताना मी ‘हेशबोन’ हा शब्द उच्चारला आणि ती एकदम खुलली. ‘अरे, हा तर आपला हिशोब!’ आपला हिशोब अरबीतून आलेला, म्हणजे हेशबोनचा भाऊच. पुढे ती हिब्रूतले पुष्कळ शब्द विसरली, हा कधी विसरली नाही.

गिरणीच्या हिशोब खात्यात मी तेरा वर्षं काढली. वही उजवीकडून उघडायची, अक्षरं उजवीकडून लिहायची, आकडे मात्र डावीकडून. पहिले सहा महिने रात्री स्वप्नातही रकाने उलटे दिसायचे. नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या. १९७६ मध्ये मूल्यवर्धित कर आला, तेव्हा तो ८ टक्के होता, आज १८ आहे. छोट्या दुकानदारांना तो समजावून सांगता सांगता लक्षात आलं, की यांना आपल्यासारखा माणूस हवा आहे.

पण कार्यालय उघडलं ते नेमकं महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेलेल्या वर्षी. महिन्याच्या सुरुवातीला ठरवलेली फी महिनाअखेरीस निम्म्या भाजीलाही पुरायची नाही. लोक भाव डॉलरमध्ये बोलत. दहा लिरांचा एक शेकेल १९८० मध्ये झालाच होता. १९८५ च्या जुलैमध्ये सरकारने स्थैर्याची योजना आणली आणि पाठोपाठ हजार जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल झाला. त्या बदलात माझ्या हातून चूक झाली. एका सुताराच्या ताळेबंदात एक रकाना जुन्या शेकेलांतच राहून गेला. त्याला दंड आला. तो मी भरला, आणि त्याच्या घरी जाऊन बायकोमुलांसमोर माफी मागितली. पुढच्याच महिन्यात तो आपल्या भावाला घेऊन आला. तेव्हापासून प्रत्येक कागद दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही.

आता गुरुवारच्या टेबलाविषयी, म्हणजे जिथे बसून आम्ही लोकांचे कराचे कागद बघून देतो. सिनेगॉगमध्ये (आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत) शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची प्रार्थना संपली, की मावश्या पिशवीतल्या पत्रांविषयी विचारायच्या. शब्बाथला लेखणीला हात लावायचा नाही. म्हणून मी सांगायचो, ‘मावशी, गुरुवारी या.’ त्या यायच्या. मराठी अस्खलित, हिब्रू बाजारापुरती. सकाळी गिरणीत, संध्याकाळी शाळेत साफसफाई, अशा दोन नोकऱ्या. दोन्हींचा कर एकत्र जुळवून घेतल्याचं पत्र दिलं नाही, तर दुसऱ्या पगारावर सर्वांत वरच्या दराने कर कापला जातो. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एका मावशींचा जवळजवळ अर्धा दुसरा पगार वर्षानुवर्षं असाच जात होता. जादा कापलेला कर सहा वर्षं मागे जाऊन परत मागता येतो. आम्ही अर्ज केला, पैसे आले, आणि मावशींनी घरी मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाचा प्रसाद केला. पोहे, खोबरं, खजूर, वेलची, पाच फळं, सगळं रीतसर. माझ्या मुलीला त्यांनी मांडीवर बसवून खाऊ घातलं.

सिनेगॉगचे हिशोबही आम्हीच बघतो, फुकट. १९८० च्या कायद्याखाली ती अमुता, म्हणजे ना-नफा संस्था म्हणून नोंदलेली आहे आणि दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे मलिद्याच्या पोह्यांचंही बिल जपून ठेवावं लागतं. खजिनदारांना आधी याचा राग यायचा. आता ते चिटोरंसुद्धा पाकिटात घालून आणतात.

आज मांडीवरची ती मुलगीच कार्यालय चालवते. मराठी तिला समजते, बोलताना अडखळते. गुरुवारी मात्र मी तिच्या शेजारी बसतो, कारण अजूनही दोन-तीन मावश्या येतात, आणि बाकीच्यांची नातवंडं येतात. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत कार्यालय बंद, पणजोबांच्या घाण्यासारखं.

गुरुवारी चार ते सात. येताना गेल्या सहा वर्षांची पगारपत्रकं आणा. सापडत नसली तरी या, ती कुठून मिळवायची ते आम्ही सांगू.