अर्धा गुण

आमच्या प्रयोगशाळेत धड चालणारा मायक्रोस्कोप एकच, आणि नववी ‘ब’ची आम्ही पन्नासेक मुलं रांगेत. हायड्रिला ही पाणवनस्पती आणायचं काम माझ्याकडे. क्रॉफर्ड मार्केटातल्या माशांच्या दुकानातून दुधाच्या पिशवीत पाणी भरून जुडी आणली. लोकलमध्ये ती एका काकांच्या पँटवर सांडली, तो किस्सा वेगळा.

हायड्रिलाचं पान जेमतेम दोन पेशींइतकं जाड, त्यामुळे काप घ्यायची कटकट नाही. अख्खं पान काचपट्टीवर, पाण्याचा थेंब, झालं. आधी सगळं गपगार होतं. बाईंनी टेबललॅम्प जवळ धरला, आणि थोड्या वेळाने मधल्या शिरेलगतचे हिरवे दाणे सरकायला लागले. भिंतीच्या कडेकडेने, एकामागोमाग, कोपरा आला की वळून परत. शेजारच्या पेशीत मात्र एकही जाईना.

“बाई, मग शेजारणीला साखर पोचते कशी?”

“झिरपत असेल,” बाई म्हणाल्या. मग थांबून, “नक्की नाही माहीत गं मला.”

वर्गासमोर असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

त्या दिवशीच्या आकृतीत माझी पेशीभित्तिका दोन ठिकाणी तुटक राहिली. लाल शेरा आला: ‘भिंत अखंड काढावी.’ अर्धा गुण गेला.

एमएस्सीला कळलं, भिंत अखंड नसतेच. १८७९ साली टांगल या शास्त्रज्ञाला काजऱ्याच्या बीत (हो, आपल्या कोकणातला कडूजहर काजरा) पेशींना जोडणारे धागे दिसले. १९०१ मध्ये स्ट्रासबुर्गरने त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हटलं. म्हणजे भिंतीतून आरपार जाणारे बोळच, साधारण ५० नॅनोमीटर रुंद. हरितलवक, म्हणजे तो हिरवा दाणा, त्याच्या शंभरपट, तो कुठला शिरणार? साखरेचा रेणू ३४२ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप), तो आरामात जातो. साधारण ८०० डाल्टनच्या पुढे अडवाअडवी सुरू होते. पेशीला इजा झाली की कॅलोज नावाचा पदार्थ साचून बोळाचं तोंडच बुजतं. हायड्रिलाच्या कुळातल्याच इजेरियाच्या एका पेशीत चमकणारा रंग सुईने सोडला, की थोड्या वेळात शेजारच्या पेशीही उजळतात.

निवृत्तीनंतर बाई दादरला भाजी घेताना भेटल्या. तिथेच, मेथीची जुडी हातात धरून, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, “म्हणजे माझी आकृती बरोबर होती, बाई.”

“रेषा का तुटली होती?”

“पेन्सिलीला टोक नव्हतं.”

“मग अर्धा गुण बरोबरच कापला,” म्हणाल्या, आणि भाजीवाल्याकडे वळल्या.