वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातला सगळ्यात लांबचा टप्पा. जवळपास ३० किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. त्या उपवासाच्या दिवशी मी रथामागच्या एका दिंडीबरोबर घाट चढले.

पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, त्यामागे विणेकरी आणि शेवटी तुळशी घेतलेल्या बायका. मी कडेने चालत होते. माझ्या शेजारच्या रांगेत सत्तरीचे एक आजोबा आणि त्यांच्या लगत आळंदीत शिकणारा एक मुलगा. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हापासून अशी कितीतरी मुलं पखवाज, कीर्तन, ज्ञानेश्वरी शिकायला आळंदीत राहतात. या मुलाचा गळा गोड होता, पण चढ लागला तशी त्याची लय पळायला लागली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपले टाळ त्याच्या कानाजवळ नेले आणि ठाय, म्हणजे संथ लयीत वाजवत राहिले. दोन अभंगांत पोरगा ठिकाणावर आला.

विसाव्याला त्याने विचारलं, "आजोबा, म्हणताना दम नाही लागत तुम्हाला?"

"लागतो की. पण आपलं चरण झालं की समोरची रांग उचलते ना? तेवढ्यात श्वास घ्यायचा. सगळं आपणच म्हणायचं नसतं, माउली."

नातवाच्या वयाच्या पोराला ते सहज माउली म्हणाले. नामस्मरणावरची प्रवचनं मी बरीच ऐकली आहेत. चढणीवरच्या या उत्तराने मात्र मला भजन पहिल्यांदा नीट कळलं.

सासवडला तळावर समाजआरती. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा जनसमुदाय गप्प झाला, फक्त एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. "त्यांची काहीतरी तक्रार आहे," एक आजी नातीला सांगत होत्या, "चोपदार जाऊन ऐकून घेतील, मग थांबतील बघ." आणि तसंच झालं. आरतीनंतर राहुटीत हरिपाठ. सत्तावीस अभंग, एकाही म्हाताऱ्याच्या हातात पोथी नाही. लहान मुलं आज्यांच्या ओठांकडे बघत शेवटचे शब्द पकडत होती.

मग वीणा बदलली. म्हाताऱ्या विणेकरीबाबांनी ती जमिनीला न टेकवता एका तरुणाच्या गळ्यात घातली, आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. तो कावराबावरा झाला. "बाबा, तुम्ही कशाला पाया पडता?"

"वीणा आता तुझ्या गळ्यात आहे ना," एवढंच बोलून ते झोपायला गेले.

ज्याला द्यायचं त्याच्यापुढे देणाऱ्याने वाकायचं, ही रीत मला फार मोठी वाटते. एक मात्र मनापासून वाटतं: हरिपाठ तोंडपाठ असलेल्या त्या आज्यांच्या गळ्यातही ही वीणा दिसायला हवी.

मुलांना वारीला नेणार असाल तर घाटातले फोटो काढून परत फिरू नका. ओळखीच्या दिंडीच्या मालकांना आधी विचारा, मुलांना एखाद्या जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी चालू द्या, आणि हरिपाठ होईपर्यंत तळावर थांबा.