ब्रिटिश पासपोर्ट आणि गावाकडचा सातबारा

पोरगं लंडनला गेलं की कोल्हापुरात कौतुक होतं. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं म्हटलं की कौतुकाला फाटा फुटतो. एकजण पेढे वाटतो, दुसरा विचारतो, "म्हणजे राजाची शपथ घेतली म्हणे?" घेतलीच. ती टाळता येत नाही. पण दिलं काय आणि मिळालं काय, याचा हिशेब न मांडताच अभिमान आणि गद्दारीच्या गप्पा रंगतात. हिशेब मांडला की निम्मं भांडण जागच्या जागी मिटतं. उरलेलं निम्मं मिटत नाही, आणि मिटावं अशी घाईही नको.

आधी जुना हिशेब. "आमचे आजोबा ब्रिटिश प्रजाजन होते" हे वाक्य कोल्हापूर संस्थानातल्या माणसाला कायद्यानं लागू नव्हतं. सातारा खालसा झालेला, बेळगाव आणि रत्नागिरी थेट मुंबई इलाख्यात. तिथली माणसं ब्रिटिश प्रजाजन. कोल्हापूरची रयत छत्रपतींची. साहेबाच्या कायद्यात तिचा दर्जा 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असा. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. संरक्षण कसलं होतं ते ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या पलटणीनं उठाव केल्यावर दिसलं. उठावामागे असल्याच्या संशयावरून छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना पुढं कराचीला नेऊन ठेवलं गेलं.

तरी कोल्हापूरचं ब्रिटनशी नातं एकरंगी नव्हतं. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, केंब्रिजनं त्यांना एलएलडी ही कायद्याची मानद पदवी दिली, आणि ते तिकडं असतानाच २६ जुलैला करवीर गॅझेटमध्ये मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम छापून आला. राज्यारोहणाचा मुजरा आणि हा हुकूम एकाच दौऱ्यातले. शिवाजी चौकातली गोष्ट याच्या उलट. तिथं आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. ही दोन्ही टोकं आपलीच, त्यामुळं एखाद्या घरात आज दोन्ही सूर निघाले तर त्यात नवल नाही.

आता आजचा कायदा. कागदोपत्री 'ब्रिटिश' एक नाही, सहा प्रकारचे आहेत आणि त्यातल्या फक्त पहिल्या, म्हणजे 'ब्रिटिश सिटिझन'ला, तिथं राहण्याचा जन्मसिद्ध म्हणावा असा हक्क आहे. बाकीच्यांच्या पासपोर्टवर ब्रिटिश लिहिलेलं असूनही विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. ब्रिटिशपणाचा अभिमान सांगणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात. ब्रिटनमध्ये मत द्यायला ब्रिटिश व्हावं लागत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय पासपोर्टधारक तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतो. विद्यार्थीसुद्धा. उलट, ब्रिटिश झाल्यावर भारतातलं मत जातं. म्हणजे लोकशाहीत सहभाग हवा म्हणून नागरिकत्व घेतलं, हे कारण कुणी सांगत असेल तर ते जरा तपासून घ्यावं.

मग खरं कारण काय? बऱ्याचदा कोल्हापूरच. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, असलेला माणूस सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिला की तो परवाना रद्द होतो. घरी वडील अंथरुणाला खिळले, आईला एकटीनं जमेना, तर तीन वर्षं इथं येऊन राहणाऱ्यानं तिकडचं सगळं गमावायचं. नागरिकाला ती अट नाही. तो ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, इथं कितीही वर्षं राहू शकतो, पोलिसांकडं नोंदणीही करावी लागत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला तो गावाला येऊन राहता यावं म्हणून, असं सांगणारा मुलगा थापा मारत असेलच असं नाही.

अर्जाची अडचण दिवस मोजण्यात असते. नेहमीच्या मार्गानं जाणाऱ्याला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यात बाहेरचे दिवस ४५० पेक्षा जास्त नकोत आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नकोत. जाण्याचा आणि येण्याचा दिवस बाहेरचा धरत नाहीत. १० डिसेंबरला निघून २० ला परतलात तर ९ दिवस. दरवर्षी पाच आठवडे गावाला आलं तरी एकूण १७५ होतात, म्हणजे निवांत. घात करतो तो शेवटच्या वर्षातला आजारपणाचा चार महिन्यांचा मुक्काम. ४८० आणि १०० पर्यंत अधिकारी सहसा दुर्लक्ष करतात, पण त्या भरवशावर राहू नये. अशा वेळी अर्ज पुढं ढकलणं स्वस्त पडतं.

दुसरा सापळा तारखेचा. अर्ज पोचतो तिथं संपणारी पाच वर्षं ज्या दिवशी सुरू होतात, त्या पहिल्या दिवशी तुम्ही ब्रिटनच्या भूमीवर हजर असायला हवं. १५ नोव्हेंबर २०२५ ला अर्ज पोचला असेल, तर हजेरी लागते १६ नोव्हेंबर २०२० ची. ती त्या वर्षीची भाऊबीज. दर दिवाळीला घरी येणारा माणूस दिवाळीच्या सुट्टीत फॉर्म भरायला बसला की नेमका इथंच अडकतो. आधी जुन्या पासपोर्टचे शिक्के बघा, मग तारीख ठरवा.

पैसेही थोडे नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये अर्जाचे १,६०५ पौंड आणि समारंभाचे १३० होते. अर्ज नाकारला तर समारंभाचे परत मिळतात, बाकीचे गेले. अर्जाआधी साधारणपणे बारा महिने हातात आयएलआर असावं लागतं. नवरा किंवा बायको ब्रिटिश असेल तर हे वर्षभर थांबणं नाही आणि पाचऐवजी तीन वर्षं पुरतात. दोन ओळखदार लागतात, किमान तीन वर्षं ओळखणारे आणि एकमेकांचे नातेवाईक नसलेले.

नावाची भानगड खास मराठी आहे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावातच गोवलेलं असतं; लग्नानंतर मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. ब्रिटिश पासपोर्ट कार्यालयाला सगळ्या चालू कागदांवर एकच नाव हवं असतं. भारतीय पासपोर्टवरचं नाव आधी दुरुस्त करून घ्यावं. नागरिकत्व मिळाल्यावर तो पासपोर्ट दुरुस्त करायला कुणी घेत नाही.

नागरिकत्वासाठी लागणारी 'लाइफ इन द यूके' परीक्षा अवघड नाही, चिवट आहे. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत, फी ५० पौंड. प्रश्न येतात ते सरकारी पुस्तकातूनच. चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन युनायटेड किंगडममध्ये येत नाहीत, इथं हमखास चुकतं. चार देशांच्या संतांचे चार दिवस पाठच करायचे. वेल्सच्या डेव्हिडचा १ मार्च कोल्हापूरकरांना विलीनीकरणाच्या तारखेमुळं लक्षात राहतो, तेवढीच सोय. याच पुस्तकात साके डीन महोमेत भेटतो, १८१० मध्ये लंडनला पहिलं करी हाऊस काढणारा. साम्राज्याचं प्रकरण मात्र गुळमुळीत आहे. २०२० मध्ये शंभराहून जास्त इतिहासकारांनी त्याबद्दल गृहखात्याला खुलं पत्र लिहिलं होतं. आपल्याला वाटणारी अस्वस्थता तिथल्या इतिहासकारांनाही वाटते, हे मला त्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

मग समारंभ. स्थानिक कौन्सिलच्या सभागृहात, आमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. देवाची शपथ किंवा देवाविना प्रतिज्ञा, दोन्हींत तिसऱ्या चार्ल्सशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठा. त्यानंतर देशाशी निष्ठेचं वचन, राष्ट्रगीत, प्रमाणपत्र, फोटो. शपथ पूर्ण होते त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. १९५५ च्या कायद्याचं कलम ९. वेगळा राजीनामा लागत नाही, कुणी विचारतही नाही. माझ्या मते खरी बोच राजाच्या नावात नाही, या न विचारण्यात आहे.

त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. क्रम असा: ब्रिटिश पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. यात काही आठवडे किंवा महिने जातात आणि मधल्या काळात घरून फोन आला तर व्हिसा काढूनच यावं लागतं. म्हणून घरात लग्नकार्य किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर समारंभाची तारीख त्याच्यानंतरची मागून घ्यावी. इकडं मतदारयादीतलं नाव सात नंबरच्या फॉर्मनं कमी करायचं.

राहिली जमीन, आणि कोल्हापुरात भांडण शेवटी तिथंच येतं. ब्रिटिश झाला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. वडिलोपार्जित शेती वारसानं मिळू शकते, वारस नोंद होते, उसाचं बिल एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या रुपया खात्यात, जमा करता येतं. नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या कूळकायद्यानं तो शेतकरीही हवा. चूक होते ती शेजारची दहा गुंठे विकायला निघाली म्हणजे. आई हौसेनं ती लंडनच्या लेकाच्या नावानं घ्यायला जाते. सातबाऱ्यावर नागरिकत्वाचा रकाना नसतो, म्हणून खरेदी होऊनही जाते. पण तो फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंग ठरतो आणि दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. लेकानं पैसे आईला भेट म्हणून पाठवावेत, आईनं स्वतः शेतकरी म्हणून जमीन स्वतःच्या नावावर घ्यावी, आणि सोबत मृत्युपत्र करून ठेवावं.