फोरमनची दुसरी लढत

आज बऱ्याच काळानंतर जॉर्ज फोरमन आणि मायकल मूरर यांची ५ नोव्हेंबर १९९४ ची लढत सलग पाहिली आणि मुष्टियुद्धाच्या माझ्या सर्वांत प्रिय आठवणींमध्ये तिचे स्थान अढळ आहे, याची पुन्हा खात्री पटली.

किन्शासा येथे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी मुहम्मद अलींनी दोरांना टेकून, ठोसे झेलत फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत नॉकआउट केले, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या लढतीची थोरवी मलाही मान्य आहे. परंतु माझे मन गुंतते ते वीस वर्षांनंतरच्या फोरमनमध्ये. वय ४५, समोर २६ वर्षांचा अपराजित डावखुरा जगज्जेता मूरर, अंगावर अलींविरुद्ध घातलेली तीच लाल चड्डी आणि कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी, जे १९७४ मध्ये अलींच्या बाजूला उभे होते!

नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर मूरर पुढे होता. फोरमन मात्र संथपणे पुढे सरकत, डाव्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, अंतर मोजत राहिला आणि दहाव्या फेरीत त्याचा आखूड, सरळ उजवा ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला. त्या ठोशात वेग फारसा नव्हता; तो वेळ साधून मारलेला होता, आणि मला तरी मुष्टियुद्धाचे खरे सौंदर्य त्यातच दिसते. मूरर खाली कोसळला; पंचाची दहापर्यंतची मोजणी संपेपर्यंत तो उठू शकला नाही आणि फोरमन जिंकला. मोजणी संपताच फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. तो क्षण पाहताना आजही माझे डोळे भरून आले.