उन्हाळा आणि फोनची बॅटरी

फोनची बॅटरी दिवसभर पुरत नाही अशी तक्रार केली, की ब्राइटनेस कमी करा, लोकेशन बंद ठेवा, असे सल्ले मिळतात. ते योग्यच आहेत. पण त्यांचा संबंध सकाळी केलेला चार्ज संध्याकाळपर्यंत पुरण्याशी आहे. बॅटरीची मूळ क्षमता दोन-तीन वर्षांनी किती शिल्लक राहील, हा प्रश्न निराळा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण संपलेला चार्ज रात्रीतून पुन्हा भरता येतो, पण गेलेली क्षमता कोणत्याही सेटिंगने परत मिळत नाही.

आपल्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. सोनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या मूळ संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीच्या एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि फोन वापरताना ते दुसऱ्या बाजूला परत जातात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो आवश्यक असतो. मात्र तो जाड होत गेला, की त्यात लिथियम कायमचे अडकते आणि तेवढी क्षमता घटते. ही झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग दोन गोष्टींनी विशेष वाढतो: उष्णता, आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहणे.

उष्णतेचा मुद्दा महाराष्ट्रात फारसा गांभीर्याने घेतला जात नाही, याचे मला वाईट वाटते. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा शून्य ते ३५ अंश सेल्सिअस आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर त्याहूनही पुष्कळ वर. सर्वाधिक हाल होतात ते दुचाकीवरून घरपोच सामान पोहोचवणाऱ्या मुलांच्या फोनचे. हँडलला लावलेला फोन थेट उन्हात असतो, नकाशा दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण असतो, जीपीएस आणि मोबाइल डेटा अखंड चालू असतात आणि त्याच वेळी फोन चार्जही होत असतो. ज्यांची रोजची कमाई या यंत्रावर अवलंबून आहे, त्यांनी निदान भर दुपारी गाडीवर चार्जिंग टाळावे आणि थांबल्यावर फोन सावलीत, कव्हर काढून चार्ज करावा. गरम झालेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. आत बाष्प साचून वेगळेच नुकसान होते.

बॅटरी शून्यावर आणून मगच चार्ज करावी, हा समज निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला उलट मधली पातळी मानवते, त्यामुळे साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहणे चांगले. आयफोन १५ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. दिवसभर चार्जरजवळ बसून काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. प्रवासाच्या दिवशी १०० टक्के भरायला काहीच हरकत नाही.

बॅटरीच्या रोजच्या खर्चापैकी स्क्रीनखालोखाल ज्याकडे पाहावे असे मला वाटते, ते म्हणजे नेटवर्क. घाटात किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांमध्ये सिग्नल क्षीण झाला, की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो आणि सतत नवा टॉवर शोधत राहतो. अशा टप्प्यात एअरप्लेन मोड चालू ठेवल्याने चार्ज स्पष्टपणे वाचतो. याउलट, उघडलेली ॲप्स सतत पुसून बंद करण्याचा उपयोग नसतो, कारण ती पुन्हा नव्याने उघडताना अधिक वीज लागते.

बॅटरी बदलण्याची वेळ प्रत्येक फोनवर येतेच. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरला जाणे) आणि आयफोन १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर, आदर्श परिस्थितीत, ८० टक्के क्षमता राखतात. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नव्या फोनसाठी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमतेची अटच घातली आहे. आपल्याकडच्या तापमानाचा विचार करून अशी अट भारतातही यावी, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत, फोनची मागची बाजू फुगलेली दिसली तर चार्जिंग त्वरित थांबवावे, ती दाबू किंवा टोचू नये, बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.