भाव सहाशे, पी-ई दहा

2023 च्या मे महिन्यात, नवतपा लागला त्याच दिवशी, भर दुपारी काका डोक्याला दुपट्टा बांधून माझ्या वरूडच्या ऑफिसात आले. जन्मभर विम्याची एजन्सी केलेला माणूस. आदल्या संध्याकाळी एलआयसीचा वार्षिक निकाल लागला होता.

“पाय ना भाऊ, दहाचा पी-ई! बाकीच्या विमा कंपन्या सत्तर-नव्वदवर. पाचशे शेअर टाकून दे.”

मी ब्रोकरचा अधिकृत प्रतिनिधी. ऑर्डर टाकतो, घ्या-विका सांगायचा परवाना माझ्याकडे नाही. (हे गावात कोणालाच पटत नाही, ती गोष्ट वेगळी.) पण आकडे मांडून दाखवायला कोणाची मनाई नाही. कागद घेतला. पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची कमाई.

शेअर साधारण 632 कोटी. 2021-22 चा नफा 4,043 कोटी, म्हणजे शेअरमागे सहा रुपये चाळीस पैसे. 2022-23 चा 36,397 कोटी, म्हणजे साडेसत्तावन्न. भाव सहाशेच्या आसपास. जुन्या कमाईवर पी-ई 94, नव्या कमाईवर दहा.

काका कागदाकडे बघत राहिले. “नफा नऊपट? पॉलिस्या काही नऊपट खपल्या नाहीत. मंग हे पैसे आले कुठून?”

प्रश्न बरोबर जागी लागला होता. पूर्वी एलआयसीचा फंड एकच होता आणि त्यातल्या शिलकीचा 95 टक्के वाटा पॉलिसीधारकांचा. 2021 मध्ये कायदा बदलला, फंड दोन झाले. बोनसवाल्या, म्हणजे ‘विथ प्रॉफिट’ पॉलिस्यांच्या शिलकीतला भागधारकांचा वाटा टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर जाणार होता. बिनबोनसच्या नॉन-पार पॉलिस्यांची शिल्लक मात्र सगळीच्या सगळी भागधारकांची. 2022-23 च्या नफ्यात अशी नॉन-पार फंडातून भागधारकांच्या खात्यात वळवलेली रक्कम 27 हजार कोटींच्या वर होती, आणि त्यातले साडेचार हजार कोटी तर आदल्या वर्षातल्या मार्च तिमाहीचे. ती सगळी बाजूला काढली, तर नफा नऊ हजार कोटींच्या थोडा वर आणि पी-ई एक्केचाळीस.

“म्हंजे दहा खोटा?”

खोटा नाही. पैसा भागधारकांचाच आहे. पण धंदा तोच, भाव तोच, आणि नुसत्या खात्याच्या वाटणीनं पी-ई 94, 41 किंवा 10 होत असेल, तर त्या एका आकड्यावर पाचशे शेअर घ्यायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरी भानगड काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. एजंटला पहिल्या वर्षी कमिशन किती जास्त मिळतं आणि नंतर किती कमी, हे त्यांनी स्वतः भोगलेलं. जे त्यांच्या खिशात आलं, तो कंपनीचा खर्च. म्हणून ज्या वर्षी जीवन विमा कंपनी जोरात नव्या पॉलिस्या विकते, त्या वर्षी नफा उलट दबतो आणि पी-ई फुगतो.

काका हसले. “म्हंजे नवा संत्र्याचा बगीचा. पाच वर्षं नुसता खर्च, अन् व्यापारी विचारते, यंदाचा बहार किती?”

म्हणून या धंद्यात एम्बेडेड व्हॅल्यू बघतात: विकून झालेल्या पॉलिस्यांमधून पुढं येणाऱ्या नफ्याची आजची किंमत, अधिक भागधारकांचं स्वतःचं भांडवल. मार्च 2023 अखेर एलआयसीची ती 5,82,243 कोटी होती, म्हणजे शेअरमागे 920 रुपये. भाव त्याच्या पासष्ट टक्के. काही बड्या खाजगी कंपन्या अडीच-तीन पटीवर. हिशेबानं स्वस्तच. पण हा आकडाही अंदाजांवर उभा असतो: व्याजदर काय राहील, किती लोक पॉलिसी अर्ध्यात सोडतील. अन् फंड वेगळे झाले तेव्हा तोही एका झटक्यात 95 हजार कोटींवरून पाच लाखांच्या पार गेला होता.

“अर्ध्यात सोडणारे तर मी लय पाह्यले,” काका म्हणाले आणि पाचशेची ऑर्डर शंभरावर आणली. बाकीचं जूनच्या तिमाहीनंतर.

तो निकाल ऑगस्टात आला. नफा 9,544 कोटी, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत 683. काकांचा फोन माझ्याआधी आला.

“यातले नॉन-पारचे किती, ते सांग पयले.”